चार नंबरच्या मशीनमधले कागद

सुदाम राठोडला एखादी गोष्ट येत नसली, तरी ती कुठं लिहून ठेवलेली आहे हे मात्र त्याला नेमकं ठाऊक असायचं. आखाडा बाळापूरच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या माडीत, माऊली कॉम्प्युटर्स नावाचा क्लास होता. तिथं तो शिकवायचा. हिंगोलीपासून वारंगा फाट्यापर्यंत कुणाचं मशीन अडलं की लोक खालच्या एसटीडी बूथवर फोन करायचे आणि बूथवाला जिन्यातून हाक मारायचा. सुदाम खाली यायचा, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा आणि उत्तराऐवजी पत्ता सांगायचा. सी ड्राइव्ह उघडा, त्यात विंडोज, त्यात हेल्प, तिथं या नावाची फाइल आहे, ती वाचा. वाचून समजलं नाही तर मग पुन्हा फोन करा.

लोक वैतागायचे. क्लासचा मालक माऊली तर त्याची चेष्टाच करायचा. म्हणायचा, हा असा डॉक्टर आहे की औषध देत नाही, मेडिकलचा रस्ता दाखवतो. पण फोन यायचे थांबत नव्हते, कारण सुदामने सांगितलेला पत्ता कधी चुकत नसे.

सुदाम फाट्यापासून आत तीन-चार किलोमीटरवरच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मग तांडा एका माळाला टेकला तो टेकलाच. आता थोडी कोरडवाहू जमीन, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. बाप सेवा आणि आई रूपाबाई दरसाल सहा महिने पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर असायचे. सुदाम आश्रमशाळेत शिकला, कळमनुरीला बारावी झाला, नांदेडला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. पुढं शिकणं काही झालं नाही. सत्त्याण्णव साली माऊलीने क्लास काढला तेव्हा त्याला शिकवणारा पाहिजे होता आणि सुदामला काम. माऊली चांगल्या शेतकरी घरातला, थोरला भाऊ वावर बघायचा म्हणून याला दुकानदारीचे शौक. मशीन चालू-बंद करण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, पण माणूस दिलदार होता.

नांदेडला शिकलेलं सगळं सुदामने तीन महिन्यांत शिकवून संपवलं. क्लासात एकच पुस्तक होतं, ते एका पोराने सुट्टीत वाचायला नेलं आणि तो पुण्याला निघून गेला. एके दुपारी एका मुलीने विचारलं, सर, एकच पत्र पन्नास जणांच्या नावानं कसं काढायचं? सुदामला येत नव्हतं. उद्या सांगतो म्हणाला. सगळे गेल्यावर तो लाजेने लाल होऊन डिस्कवरचे फोल्डर एकेक करून उघडत बसला आणि तिथंच त्याला ते सापडलं. प्रोग्राम बसवताना तो एकटा येत नाही. आपले कागदपत्र बरोबर घेऊन येतो आणि कुणी विचारो न विचारो, ठरलेल्या जागी ठेवून देतो. पन्नास पत्रांचं उत्तर तिथं इंग्रजीत पडलेलं होतं. कुणी उघडलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून सुदामला नादच लागला. शब्दकोश मांडीवर घेऊन तो ते कागद वाचायचा. वीज यायची तेवढ्या वेळात वाचायचा आणि गेली की वहीत उतरवलेलं घोकायचा. कोण कुठं कागद ठेवतं याची त्याने दोनशे पानी वही केली. जुन्या डॉसमध्ये प्रोग्राम आणि कागद एकाच खोलीत राहायचे. विंडोजमध्ये घरचे कागद हेल्पमध्ये, आणि बाहेरून आलेले प्रोग्राम आपापल्या नावाच्या खोलीत, कुणी त्या खोलीला डॉक्स म्हणायचं, कुणी मॅन्युअल. मग नव्व्याण्णव साली नांदेडच्या स्टँडवर त्याला एक मासिक मिळालं, त्याच्यासोबत लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी होती. ती त्याने क्लासातल्या चार नंबरच्या मशीनवर बसवली आणि बघतच राहिला. इथं सगळ्यांच्या कागदांना एकच जागा. यूएसआर नावाच्या फोल्डरच्या पोटात डॉक, आणि डॉकमध्ये तीनशेच्या वर प्रोग्रामांची घरं, नावानिशी, एका ओळीत. डिस्क कशी वाटायची इथपासून नेटवर्क कसं जोडायचं इथपर्यंत सगळं लिहिलेलं. बाळापुरात ग्रंथालय नव्हतं असं नाही, पण त्यात कादंबऱ्या होत्या. सुदामला पाहिजे ते ग्रंथालय त्या डबड्यात निघालं.

त्या काळात डिस्का लहान असत. दुसरे क्लासवाले प्रोग्राम बसवला की आधी त्याचे कागद पुसून टाकायचे, तेवढ्या जागेत गाणी मावायची. चार नंबरच्या मशीनमधला एकही कागद सुदामने कुणाला पुसू दिला नाही.

त्याच्याकडे पुसेगावहून एक जण शिकायला यायचा, संतराम. सुदामपेक्षा दोन वर्षांनी लहान, हाताचा पक्का. पुढं तो नांदेडहून सुटे भाग आणून मशीन जोडून द्यायला लागला, मोटरसायकलवर सेनगाव-कळमनुरी पालथं घालायला लागला, तरी सुदामला सर म्हणायचं त्याने सोडलं नाही. लिनक्स बसवायला सुदामनेच त्याला शिकवलं होतं. शिकवताना एक गोष्ट बजावली होती, की डिस्कचे दोन वाटे करायचे. एका वाट्यात होम. तिथं माणसाचं असतं, त्याने लिहिलेलं, त्याने जमवलेलं. दुसऱ्या वाट्यात मशीनचं असतं, ते सीडीवरून केव्हाही परत आणता येतं. मशीनचं खुशाल पुसा. माणसाचं पुसू नका. संतरामने ते मंत्रासारखं धरून ठेवलं होतं. कित्येक लोकांचं लिखाण त्याने त्याच मंत्रावर वाचवलं.

दोन हजार साली सरकारी नोकरांना कॉम्प्युटर सक्तीचा होणार अशी हवा सुटली आणि क्लासात वयस्कर माणसं यायला लागली. त्यात सोनाजी गुरुजी होते, प्राथमिक शाळेवरचे, निवृत्तीला तीन वर्षं उरलेले. सुदामने त्यांनाही आपल्या सवयीने पत्ता सांगितला. गुरुजींनी फाइल उघडली, बराच वेळ चष्म्यातून पाहिली आणि म्हणाले, "सुदाम, या मशीनला समदं ठावं हाय म्हणतोस. मंग ते आमच्याशी आमच्या बोलीत काहून बोलत न्हाई?"

गुरुजी रागाने बोलले नव्हते. पण सुदामला ते लागलं. आपण इतकी वर्षं ज्याला त्याला पत्ता सांगत आलो, आणि तिथं पोचलेल्या माणसाला दार उघडता येत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पहिलं प्रकरण लिहिलं, फाइल म्हणजे काय. चार नंबरच्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून त्याने मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केली. गुरुजी पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. आधी ते हसले, क्लासही हसला. मग हसायचे थांबून वाचत राहिले. वाचून संपल्यावर कुणाला न विचारता त्यांनी एक फाइल केली, तिला नातीचं नाव दिलं आणि बंद करून पुन्हा उघडून दाखवली.

हे प्रकरण ठेवायचं कुठं, याचा सुदामने एक दिवस विचार केला. रीतीप्रमाणे त्याची जागा होममध्ये, सुदामच्या फोल्डरात. पण तिथं ते म्हणजे सुदामच्या खाजगी टिपणासारखं झालं असतं. आणि क्लासात तो तीन वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता, माहिती पाहिजे तर कागदांच्या जागी जा. मराठी माणसाने मात्र वेगळ्या दारानं का जायचं? त्याने मशीनच्या मुख्य अधिकाराने आत जाऊन यूएसआरमधल्या डॉकमध्ये एक नवं घर बांधलं आणि त्याला नाव दिलं मराठी. फोल्डरांची ओळ पुन्हा काढून पाहिली. जगभरच्या माणसांनी लिहिलेल्या तीनशे नावांत, एमच्या रांगेत, ते नाव बरोबर बसलं होतं. एवढा मोठा झाला तरी तो त्या ओळीकडे लहान लेकरासारखा बघत राहिला.

त्याच दिवाळीच्या सुमारास हिंगोलीहून एक साहेब आले. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, आणि पाचही तालुक्यांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी तिथं एक प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. त्याचे ते प्रमुख. जागा बघत बाळापूरला आले होते. चार नंबरच्या मशीनपुढं दोन कारकून मराठी कागद वाचत आपापलं काम करत होते, शेजारी शिकवणारा कुणी नव्हता. साहेब उभे राहून पंधरा मिनिटं पाहत होते. मग त्यांनी सुदामला खाली नेऊन चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं. केंद्रात प्रशिक्षकाची एक कायम जागा आहे, तिला पदवी लागते. पदवी नाही पण लिहिलेलं काम आहे अशा माणसासाठी ते वर शिफारस करू शकतात. पण काम पूर्ण पाहिजे. साठ प्रकरणं, एका सीडीवर, एकतीस मार्चच्या आत. त्यानंतर जागेची जाहिरात निघेल आणि मग त्यांच्या हातात काही राहणार नाही.

सुदामला त्यातलं खरं-खोटं कळत होतं. साहेबांचा शब्द खरा होता. आणि दुसरं दार नव्हतं. बारावीवाल्याचा कुणी अर्जसुद्धा घेत नव्हतं, मोठ्या नावाच्या क्लासांची शाखा कळमनुरीत निघणार होती, माऊलीकडची पोरं पातळ व्हायला लागली होती. त्याने तांड्यात काही सांगितलं नाही. फक्त ऊसतोडीला निघालेल्या आईला म्हणाला, याडी, पुढच्या साली तुमी कोयता हाती घेऊ नका. रूपाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पालाचं सामान बांधत राहिली.

हिवाळाभर तो लिहीत होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकोणपन्नास प्रकरणं झाली. सुरुवातीची अकरा त्याने फ्लॉप्यांवर उतरवली होती, पण त्या माडीतल्या धुळीत फ्लॉपी चार महिने टिकत नसे. म्हणून तो सीडीचीच वाट बघत होता. सीडी लिहायचं यंत्र नांदेडला मिळत होतं, पण चार नंबरवरचं लिनक्स जुनं, ते त्या यंत्राला ओळखत नव्हतं. नवी आवृत्ती टाकावी लागेल, असं तो एकदा माऊलीजवळ बोलला. बोलला आणि लिहायला बसला.

मग बूथवर ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला. उसाची ट्रॉली मागं सरकताना बापाचा, सेवाचा, पाय चाकाखाली आला होता. सुदाम अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. तिकडं कारखान्याजवळच्या दवाखान्यात बापाच्या खाटेजवळ तो सतरा दिवस होता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. त्या सतरा दिवसांत त्याने पन्नासाव्या प्रकरणाचा मजकूर डोक्यात जुळवला, आईला टोळीतून सोडवून घेतलं आणि दोघांना घेऊन तो एका ट्रकने फाट्यावर उतरला. त्यांना तांड्यावर सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला आला.

माडीवर माऊली आणि संतराम दोघंही होते. माऊलीचा चेहरा एखाद्या घरच्या कार्यासारखा फुललेला. आधी दोघांनी सेवाची विचारपूस केली. मग माऊलीने त्याला खांद्याला धरून चार नंबरपुढं बसवलं. सीडी लिहायचं यंत्र मशीनमध्ये बसलेलं होतं. माऊली स्वतः नांदेडला जाऊन ते घेऊन आला होता. संतरामने नवी आवृत्ती टाकली होती, यंत्र ओळखून घेतलं होतं, एक गाण्यांची सीडी लिहूनही पाहिली होती.

"तुमी येईस्तोवर तयार पायजे म्हनलं," संतराम म्हणाला. "मागचं समदं साफ करून नव्यानं टाकलं, सर. होमला हात लावला न्हाई. तुमचं फोल्डर जसंच्या तसं हाय, बघून घ्या."

सुदामने कीबोर्ड पुढं ओढला आणि यूएसआरमध्ये जाऊन डॉकचं नाव टाइप केलं. मशीनने सांगितलं, अशी कुठली जागा नाही.

क्षणभर त्याला बरंच वाटलं. तीनशे घरं अशी नाहीशी होत नाहीत. मासिकात त्याने कुठंतरी वाचलं होतं की नव्या आवृत्तीत कागदांची जागा बदलली आहे, आता यूएसआरमध्ये शेअर आणि शेअरच्या आत डॉक. त्याने नवा पत्ता टाकला. सगळी मंडळी तिथं होती. पाण्याची जागा बघून तांडा हलावा आणि माळ बदलून तशाच ओळीत पुन्हा मांडला जावा, तशी. जुनी नावं होती, काही नवीही होती. सुदाम एकेक ओळ खाली सरकवत एमपाशी आला. मग एन आला. तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा सावकाश खाली आला.

"काय बघून राहिले?" माऊलीने विचारलं.

"मराठी," सुदाम म्हणाला.

संतरामला कळायला थोडा वेळ लागला. लोकांच्या लिखाणाचं काय करायचं हे त्याला ज्याने शिकवलं होतं, त्याचं लिखाण मशीनच्या वाट्यात असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "सर, तुमीच तर सांगितलं होतं," तो म्हणाला. चूक संतरामची नव्हती, माऊलीची तर नव्हतीच. सुदामला ते त्याच क्षणी स्पष्ट दिसलं होतं, आणि दुसऱ्याला दोष देता आला असता तर बरं झालं असतं असंही त्याला वाटलं.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पुसलेल्या डिस्कवर जुन्या अक्षरांचे तुकडे पडून असतात, नवं काही त्यांच्यावर लिहिलं जाईपर्यंत. डिस्क उलथीपालथी करून ते तुकडे कसे शोधायचे हेही सुदामला त्या कागदांतूनच ठाऊक झालं होतं. तीन दिवस, वीज असेल तेव्हा, दोघं शोधत होते. पण नवी आवृत्ती जुन्याच्या दुप्पट होती, तिने जवळजवळ सगळं झाकून टाकलं होतं. सापडले ते असे: मग एंटर दाबा. घाबरू नका, मशीन मोडत… आणि एके ठिकाणी, उजव्या हाताच्या करंगळीने. पुढं-मागं काही नाही. सुदामच्याच हातचं, पण कुठल्या प्रकरणातलं ते त्यालाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संतराम म्हणाला, आणखी बघू, सर. सुदामने मशीन बंद केलं.

फ्लॉप्यांतली एक वाचली गेली, दुसरी नाही. नऊ प्रकरणं हाती आली.

मार्च उरला होता. माऊलीने त्याला क्लासातून मोकळीक दिली, स्वतः पोरांपुढं बसून त्यांच्याकडून टायपिंग करून घेतलं. सुदाम सकाळी आठला चार नंबरपुढं बसायचा. दहावं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं असं त्याला वाटत होतं, पण लिहायला बसलं की भलतंच उतरायचं. पहिल्या वेळी समोर सोनाजी गुरुजी होते, ते अडले की सुदामला वाक्य कुठं चुकलं ते कळायचं. गुरुजी आता शिकून गेले होते. समोर एकतीस तारीख बसलेली होती. घरी बाप खाटेवर, त्याला उचलून बसवायला आईला एकटीला जमेना, म्हणून दुपारी तांड्यावर जावं लागायचं. पंचवीस तारखेपर्यंत त्याने पाच प्रकरणं केली आणि वाचून पाहिली. ती वाईट होती. आधीच्या नऊंना शोभत नव्हती. त्याने ती ठेवली, कारण आता निवडायला वेळ नव्हता.

तीस मार्चला तो हिंगोलीला गेला. सीडीवर चौदा प्रकरणं होती. साहेबांनी ती आपल्या मशीनमध्ये टाकून वाचली, सगळी. मधे कुणी आलं तर त्याला थांबवलं. मग खुर्ची मागं सारून त्यांनी विचारलं, बाकीचं? सुदामने जे झालं ते सांगितलं. जागेचं नाव घेऊन सांगितलं, होममध्ये ठेवायला पाहिजे होतं, तिथं ठेवलं नाही.

"तुम्ही स्वतः लोकांना शिकवता ना हे?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. ते चिडले नव्हते, चिडले असते तर सुदामला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "राठोड, मी लिहिणार काय वर? साठ सांगून बसलोय. चौदावर पदवीची अट नाही सुटत हो."

त्यांनी मुदतीचं विचारून पाहिलं, सुदामच्या देखतच फोन लावला. पलीकडचं बोलणं सुदामला ऐकू आलं नाही, पण साहेबांचं हं, हं, बरोबर आहे, एवढं ऐकू आलं. जाहिरात एप्रिलमध्ये निघाली. त्या जागेवर बाहेरगावचा एक पदवीधर आला. मुलगा हुशार होता, असं पुढं सगळ्यांनीच सांगितलं. केंद्रात छापील इंग्रजी पुस्तकं वाटली गेली. साहेबांची वर्षभरात बदली झाली. जाण्याआधी त्यांनी सुदामला एक पत्र पाठवलं, उरलेलं लिहून पूर्ण करा, वाया जाणार नाही. सुदामने ते वहीत ठेवलं. उत्तर लिहिलं नाही.

तांड्यावर मात्र त्याला सांगावंच लागलं, कारण दिवाळी आली आणि मुकादम दारात आला. सेवाला चालता येत होतं ते काठीवर. कोयत्याला जोडी लागते. रूपाबाई म्हणाली, मी दिराच्या टोळीत जाते. सुदाम म्हणाला, जाऊ नको. तिने विचारलं, गेल्या साली कोयता घेऊ नका म्हणालास, ते कशाच्या जोरावर? तेव्हा त्याने सांगितलं, हिंगोलीत नोकरीची एक जागा होणार होती, ती आता होणार नाही. का होणार नाही, हे तिला समजावून सांगायला त्याच्याजवळ शब्द होते, त्याने सांगितलंही. लिहिलेलं होतं, ते ठेवलं होतं, ते पुसलं गेलं. रूपाबाईने सगळं ऐकलं.

"दुसऱ्याच्या घरात काहून ठेवलं, बेटा?" ती म्हणाली. आणि सकाळी टोळीबरोबर गेली.

पुढच्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. सुदामने पंधरावं प्रकरण तीनदा सुरू केलं. एकदा वाटलं जमेल, तेव्हा चार नंबरच्या मशीनचा बोर्ड जळाला. संतरामने बदलून दिला, पैशाचं नावही काढलं नाही. तो येतच राहिला. कधी चहा पिऊन जायचा, कधी नुसता जिन्यातून डोकावून. सुदामने त्याला एका शब्दाने दुखवलं नव्हतं, आणि संतरामला तेच जड झालं होतं. त्याने लिनक्स बसवायचं सोडून दिलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, मला येत न्हाई.

फोन येणंही कमी झालं. कळमनुरीत मोठ्या नावाची शाखा निघाली, हिंगोलीत इंटरनेटची दुकानं झाली. दोन हजार चार साली माऊलीने क्लास बंद केला. मशीन विकताना त्याने सुदामला एक घेऊन जा म्हटलं, पाहिजे ते. सुदामने चार नंबर घेतला नाही. दोन नंबर घेतला, तो जास्त चालणारा होता. तो घेऊन त्याने वारंगा फाट्यावर एक टपरीएवढी जागा धरली. झेरॉक्स, टायपिंग, ट्रकवाल्यांना गाण्यांच्या सीड्या, नंतर मोबाइलचं रिचार्ज. तोपर्यंत त्याचं लग्न झालं होतं. बायको निता हिशोबाला पक्की होती, ती दुपारी दुकानात बसायची आणि सुदाम आईबापांकडं बघायचा. रूपाबाईचा कोयता मात्र आणखी चार साल सुटला नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आखाडा बाळापूरकडचे एक तरुण शिक्षक दुकानात आले. शाळेच्या निकालाचे तक्ते त्यांनी एका नव्या प्रोग्रामात केले होते आणि छापताना शेवटचा रकाना बाहेर जात होता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, फाट्यावर राठोड आहेत, त्यांना माहीत असतं. निताने मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. त्या दुकानात असं विचारत कुणी आलं नव्हतं.

सुदाम हात पुसून मशीनपुढं बसला आणि शिक्षकांच्या पेन ड्राइव्हवरचा प्रोग्राम बसवून घेतला. रकान्याचं त्याला येत नव्हतं. पण त्याला बरं वाटलं, बोटं आपसूक चालायला लागली. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामचं नाव. त्यात हेल्पचा फोल्डर होता. तो उघडला तर आत एकच लहानशी फाइल. तिच्यावर टिचकी मारली तर पडद्यावर आलं की ही माहिती आता इंटरनेटवर आहे, कृपया जोडणी करा. त्याने दुसरीकडं पाहिलं, विंडोजमधल्या हेल्पमध्ये, डॉक्समध्ये, सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात. शिक्षक मागं उभे होते. प्रोग्राम आला होता आणि त्याचे कागद त्याच्याबरोबर आलेच नव्हते. ते कुठंतरी दूर होते, आणि फाट्यावरच्या त्या टपरीपर्यंत टेलिफोनची तारही आलेली नव्हती.

"किती वेळ लागंल?" शिक्षकांनी विचारलं.

सुदामने आणखी एक फोल्डर उघडला. तोही रिकामा होता.

"नाही सापडत, गुरुजी," तो म्हणाला. "हिंगोलीत नेटवर बघा."

शिक्षकांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला. काही देऊ का म्हणाले, सुदाम नको म्हणाला. बाहेर हिंगोलीची जीप भरत होती, ते पळत जाऊन तिच्या मागच्या फळीवर बसले. निताने विचारलं, काय झालं, इतक्या लवकर गेले? सुदामने उघडलेले फोल्डर एकेक करून बंद केले. दारात एक म्हातारा रेशनकार्ड घेऊन उभा होता, त्याला दोन्ही बाजूंची झेरॉक्स पाहिजे होती. सुदामने ते हातात घेतलं आणि झेरॉक्सचं झाकण वर उचललं.